वाळवी नेमकी कोणत्या कार्डावर?

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र परवा पोचलं. खुशालीच्या तीन ओळी आणि झाडाझडतीची चार पानं, यावरून तब्येत ठणठणीत असावी असं मी धरून चालते. आजारी माणसाला इतकं सलग रागावता येत नाही. मामींचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत (जागा उरली नसणार). मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, नळाला पाणी येतं, आणि घरमालकीण अजून माझ्याशी बोलते, म्हणजे तिच्यापर्यंत काही पोचलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या जुन्या मित्राने, तुम्हाला कळवलं की तुमच्या भाचीच्या हलगर्जीपणामुळे अडीच वर्षांचं संशोधन वाळवीने खाल्लं. आणि तुम्ही विचारता, "मी तुझ्यासाठी शब्द टाकला, त्याचं हेच फळ का?" मामा, तुम्ही एक शब्द टाकलात ते खरंच आहे. वाळवीने एकशे एक्याऐंशी खाल्ले. तेव्हा नुकसान कुणाचं जास्त, याचा हिशेब आपण दोघांनी शांतपणे करू. झालं ते सगळं क्रमाने लिहिते. मधे थांबून मामींना हाक मारू नका, शेवटपर्यंत वाचा.

काम काय होतं ते तुम्हीच मला सांगितलं होतंत: "बसून शब्द लिहायचे, डोक्याला ताप नाही." शाळकरी मुलांसाठी, पाचवी ते आठवीच्या, सजीव आणि त्यांचा परिसर या विषयातल्या अगदी मूळच्या दोनशे शब्दांची एक छोटी पुस्तिका. अधिवास, अन्नसाखळी, उत्पादक, भक्षक, परजीवी, असे शब्द, आणि प्रत्येकापुढे दोन ओळींत अर्थ. एकूण चारशे ओळी. त्यासाठी चार विद्वान, एक लेखनिक (मी), एक शिपाईकाका, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि कार्डं ठेवायला चार खणांचं एक लाकडी कपाट. शिक्षण खात्याला वाटलं होतं, काम सहा महिन्यांत उरकेल. खात्यात बसणाऱ्या माणसांना समिती म्हणजे काय हे माहीत नसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

अध्यक्षांना तुम्ही ओळखता, पण ते कंसात बोलतात हे तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतंत. त्यांचं एक वाक्य सुरू झालं की त्याच्या पोटात दुसरं उघडतं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, आणि शेवटी सगळे कंस एकदम बंद होतात तोवर चहा गार होतो. (माझ्या पत्रातले कंस हा त्या संगतीचा परिणाम आहे. परिसराचा सजीवावर परिणाम होतो, हे तर पुस्तिकेतच आहे.) दुसरे सदस्य वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही वाघसाहेब म्हणतो, कारण शब्द कोणताही असो, उदाहरण वाघाचं. शेवाळ या शब्दालाही त्यांनी वाघ सुचवला होता, पाणी प्यायला आलेला. नोकरीची बत्तीस वर्षं त्यांनी रोपवाटिकेत काढली आणि वाघ त्यांना बघायला मिळाला नाही, हे शिपाईकाकांनी मला खासगीत सांगितलं. तिसऱ्या व्याकरणबाई. त्यांना जीवसृष्टीशी देणंघेणं नाही, पण एकाही प्राण्याने चुकीच्या विभक्तीत कुणाला खाल्लेलं त्यांना खपत नाही. चौथ्या पाचवीच्या बाई. म्हणजे त्या खरोखरच पाचवीला शिकवतात, शाळा सुटली की पळत येतात, हाताला खडू असतो, आणि अडीच वर्षांत प्रत्येक बैठकीत त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पण हे मुलांना कळेल का?" इतिवृत्तात हा प्रश्न मी प्रत्येक वेळी लिहिला आणि अध्यक्षांनी प्रत्येक वेळी 'अप्रस्तुत' म्हणून खोडला.

'अधिवास' या एका शब्दाला सात बैठका लागल्या. सातवीच्या शेवटी जे ठरलं ते असं: 'विशिष्ट जैविक व अजैविक घटकांच्या परस्परसापेक्ष संतुलनाने निर्धारित झालेले, जीवाच्या (अथवा जीवसमूहाच्या) वास्तव्यास अनुकूल (वा किमानपक्षी प्रतिकूल नसलेले) क्षेत्र, उदा. वाघाचे जंगल.' पाचवीच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, म्हणजे राहायची जागा ना? अध्यक्ष म्हणाले, "तसं म्हटलं तर मग समिती कशाला हवी?" एवढं खरं बोलताना मी त्यांना एरवी कधी ऐकलं नाही.

खोटं कशाला बोलू, मामा, मलाही घाई नव्हती. पुस्तिका संपली की माझी नेमणूक संपणार, हे पहिल्याच दिवशी लेखी मिळालं होतं. एकेका शब्दावर ते महिना महिना भांडत आणि माझी एकेक महिन्याची पोटाची सोय होत असे. परजीवी या शब्दावर चर्चा चालू असताना मी मान खाली घालून फार मन लावून टिपणं काढत होते.

वाळवी आली ती वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळामुळे. भिंत ओली झाली, पोपडे आले, आणि एका सोमवारी कपाटाच्या मागून वर चढलेली मातीची एक बारीक रेघ मला दिसली. पेन्सिलीच्या जाडीची, वळणं घेत घेत गेलेली. शिपाईकाकांना दाखवली. त्यांनी नखाने जरा उकरलं, आत पांढरे किडे लगबगीने इकडून तिकडे पळाले, आणि काका म्हणाले, "ही वाळवी. आज कपाट भिंतीपासून ओढायचं, रॉकेल मारायचं, कार्डं उन्हात घालायची. दोन तासांचं काम आहे." मी त्याच दिवशी लेखी कळवलं (तारीख आहे, जावक क्रमांक आहे, अध्यक्षांना विचारा). अर्ज देखभाल शाखेकडे गेला. त्यांनी शेरा मारला की भिंत आमची, पण कपाट भांडाराचं. भांडाराने लिहिलं, कपाट आमचं, पण किडा सजीव आहे, आणि सजीव वस्तू भांडाराच्या नोंदवहीत येत नाहीत. नळ कुणाचा, हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. अर्ज अकरा दिवसांनी 'सजीवांसंबंधीचा विषय असल्याने संबंधित समितीने निर्णय घ्यावा' असा शेरा घेऊन माझ्याच टेबलावर परत आला.

म्हणून मी तो बैठकीत ठेवला. तोच माझा हलगर्जीपणा असेल तर कबूल.

काका दारात उभे होते, एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला. मी अर्ज वाचून दाखवला. अध्यक्षांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, आज तरी काही होणार. ते म्हणाले, वाळवी हे फार उत्तम उदाहरण आहे, विघटक या शब्दाखाली घेऊ. वाघसाहेब लगेच हो म्हणाले. हो म्हटलेलं अध्यक्षांना कधीच आवडत नाही. त्यांनी विचार बदलला. विघटक म्हणजे काटेकोरपणे जिवाणू आणि बुरशी; वाळवी नुसती कुरतडते, लाकूड पचवतात ते तिच्या पोटातले सूक्ष्मजीव; तेव्हा तिला मृतभक्षी म्हणावं. वाघसाहेब म्हणाले, मग पोटातले सूक्ष्मजीव आणि वाळवी हे सहजीवन झालं, ती सहजीवनाच्या कार्डावर हवी. व्याकरणबाईंनी वेगळाच प्रश्न काढला. वाळवी लागते, वाळवी खाते, हे सगळं एकवचन. पण प्रत्यक्षात किडे हजारो. तर कार्डावर वचन कोणतं लिहायचं? यावर चाळीस मिनिटं गेली. आणि मामा, ती चाळीस मिनिटं खोलीत एक अगदी हलका आवाज येत होता, कुणीतरी लांबवर कागद चुरगाळत असल्यासारखा. मला वाटलं तो माझा भास असेल.

पाचवीच्या बाई म्हणाल्या, "वाळवी कागद खाते, एवढं मला माहीत आहे. आपण आधी कपाट सरकवू या का?"

काका डबा घेऊन पुढे सरसावले. वाघसाहेबांनी हात आडवा केला. "थांबा. ही एक जिवंत परिसंस्था आहे. निरीक्षण होईपर्यंत हस्तक्षेप नको." काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकांना नोकरीत छत्तीस वर्षं झाली आहेत, त्यांना परिसंस्था चांगली कळते. ते डबा घेऊन मुकाट्याने खाली गेले. इतिवृत्तात मी लिहिलं: 'वाळवीचे कार्ड निश्चित होईपर्यंत स्थिती जैसे थे ठेवावी.' त्यावर सही अध्यक्षांची आहे.

निरीक्षण तीन बैठका चाललं. म्हणजे रेघ किती वाढली हे वाघसाहेब फुटपट्टीने मोजत आणि अध्यक्ष तो आकडा कंसात घालत. कपाट समोरून अगदी धडधाकट दिसत होतं. चारही खणांवर माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, पुढची कार्डं पांढरीशुभ्र. आणि अशात वरून पत्र आलं: खात्याचे सचिव बारा दिवसांनी स्वतः येऊन पुस्तिकेचं प्रकाशन करणार. छापखान्याला मजकूर पाच दिवसांत हवा. अध्यक्ष मला म्हणाले, कार्डं काढा. मी पहिला खण ओढला. तो इतका हलका आला की मी मागच्या खुर्चीवर आपटले. पुढची तीन कार्डं शाबूत होती. त्यांच्या मागे काही नव्हतं. होती ती माती, कार्डांच्याच आकाराची, उभी, थराथरांची, आणि हात लावला की भुसभुशीत होऊन कोसळणारी. दुसरा खण तसाच. तिसरा तसाच. चौथा उघडलाच नाही, त्याचा तळ आधीच खाली पडला होता. माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली एकोणीस कार्डं तेवढी उरली. मग व्याकरणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "खाल्लं. एकवचनच बरोबर आहे."

अध्यक्ष पहिलं वाक्य बोलले ते असं: "कार्डांची जबाबदारी कुणाची होती?" त्या वाक्यात एकही कंस नव्हता. चौघांचीही मान माझ्याकडे वळली. नाही, तिघांची. पाचवीच्या बाई खाली वाकून मातीतून कागदाचे तुकडे वेचत होत्या.

त्यानंतरचा दिवस फार बोधप्रद गेला. वाघसाहेब जिन्यात भेटले आणि म्हणाले, झालं ते झालं, आता अर्थ आठवणीने लिहायचेच आहेत तर वाघ जरा ठळक करा, अध्यक्षांनी फार कापला होता. व्याकरणबाईंनी मला बाजूला बोलावून दीडशे शब्दांची लिंगं परस्पर बदलायला सांगितली. अध्यक्षांनी आपल्या मूळच्या, म्हणजे बैठकीत तासल्या जाण्याआधीच्या व्याख्या तोंडी सांगायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत अडीच झाल्या. आपत्ती आली की प्रत्येक जीव आपापलं अन्न शोधायला लागतो. मी फाटक्या वहीसारखी मधे. पाचपैकी दीड दिवस गेला. नोकरी जाणार ती जाणारच होती, पण तुमचं नाव घालवून जाणार, हे जास्त लागत होतं. (हे वाक्य सोडून पुढे जाऊ नका. उपरोधाच्या भरात लिहिलेलं नाही.)

त्याच संध्याकाळी पाचवीच्या बाई खोलीत आल्या, पिशवीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्या वर्गात या. चौतीस मुलं आहेत. शब्द मी देते, तुम्ही फक्त लिहून घ्या."

वर्गात नाही, आम्ही शाळेच्या मागे गेलो. तिथे एक गळका नळ आहे (नळांचं आणि माझं काहीतरी आहे), त्याखाली डबकं, डबक्याला शेवाळ, शेवाळावर गोगलगायी, पाण्यात डासांच्या अळ्या, आणि कुंपणाच्या कडेला एक कुजका ओंडका. बाईंनी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, इथला बेडूक कुठे राहतो? मुलं म्हणाली, नळाजवळच्या रांजणाखाली. कशावरून? एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याला कितीदा उचलून कुंपणाबाहेर सोडला. तो परत तिथेच येतो." का येतो? मग कुणी म्हणालं ओल आहे, कुणी म्हणालं तिथे किडे मिळतात, कुणी म्हणालं मांजर तिथे शिरू शकत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं: 'अधिवास : जिथे एखाद्या जिवाला राहायला, खायला आणि लपायला मिळतं ती जागा, तिथून हाकललं तरी तो परत तिथेच यायला बघतो.' सात बैठका, मामा. इथे दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्यातलं एक मिनिट बेडूक सापडेपर्यंतचं.

पुढे माझा हात पुरेना. उत्पादक म्हणजे जो जेवायला कुणाच्या घरी जात नाही, उन्हात बसून स्वतःचं स्वतः करतो, आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे जेवायला येतात. सहभोजिता म्हणजे एकाचा फायदा होतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. सहजीवन म्हणजे दोघंही एकमेकांची कामं करतात. अनुकूलन यावर बराच गोंधळ झाला, बाईंना दोनदा समजावून सांगावं लागलं की बेडूक स्वतः ठरवून काही बदलत नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात, मग एकाने सांगितलं, "जागा बदलत नाही, म्हणून राहणारे हळूहळू बदलतात." परजीवीला एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "जो ज्याच्याकडे जेवतो त्याचंच नुकसान करतो. पण सगळं नाही करत, नाहीतर उद्या जेवणार कुठे." मी लिहायचं थांबले. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पेन अडकलं.

बाई चुकलेलं सुधारत होत्या, अर्धवट असलेलं पुन्हा विचारत होत्या, आणि जे बरोबर होतं त्याला हात लावत नव्हत्या. ही शेवटची गोष्ट मी अडीच वर्षांत कुणालाही करताना पाहिली नव्हती. ओंडका उलटा केल्यावर खाली वाळवी निघाली. मुलं अजिबात घाबरली नाहीत. विघटक हा शब्द मोठा आहे, वाळवी त्यांची मदतनीस, ती लाकूड बारीक करते मग बुरशी आणि जिवाणू पुढचं काम करतात, असं बाईंनी सांगितलं आणि वाद चार ओळींत मिटला. मागून एक बारीक आवाज आला, "ते सगळे नसते तर बाई, मेलेल्या गोष्टींनीच शाळा भरून गेली असती." तेही लिहून घेतलं. तीन सकाळी गेलो. एकशे एक्याऐंशी कार्डं झाली. उरलेली एकोणीस अध्यक्षांच्या शब्दांत, एक काना न बदलता, मी शेवटी लावली. अन्याय नको.

छापायला जाण्याआधी मजकूर समितीसमोर ठेवावा लागतो. अध्यक्षांनी पानं चाळली. कुठेतरी थांबले, भुवया वर केल्या. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "हे मी पहिल्या बैठकीत म्हणालो होतो तसंच राहिलंय. बरं झालं." वाघसाहेबांनी वाघ शोधला, एकोणीस कार्डांत तो सहा वेळा सापडला, ते समाधानाने मागे रेलले. व्याकरणबाईंनी तीन अनुस्वार दिले. पाचवीच्या बाईंनी विचारलं, "मुलांना कळेल का?" आणि अध्यक्ष म्हणाले, "तेच तर आपलं धोरण आहे."

प्रकाशनाला सचिव आले. पुस्तिका मधेच उघडून त्यांनी परजीवीचा अर्थ मोठ्याने वाचला, हसले, पुन्हा वाचला, आणि म्हणाले की इतक्या वर्षांत खात्याचं एकही पुस्तक मला पहिल्या वाचनात कळलं नव्हतं. ही व्याख्या कुणाची? तीन जण एकाच वेळी उठून उभे राहिले. पाचवीच्या बाई उठल्या नाहीत, कारण त्यांना बसायला खुर्चीच नव्हती, त्या दारापाशी काकांच्या शेजारी उभ्या होत्या. सचिवांनी तिघांशीही हस्तांदोलन केलं आणि तिथल्या तिथे समितीला आणखी दोन वर्षांची मुदतवाढ दिली, पुढच्या पुस्तिकेसाठी. नव्या यादीत सदस्य तीनच आहेत. पाचवीच्या बाईंचं 'उल्लेखनीय योगदान इतिवृत्तात आढळून आले नाही'. ते इतिवृत्त मीच लिहिलं होतं, मामा, आणि खोडलंही माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मी मिठाची गुळणी धरून बसले होते.

ऋणनिर्देशात कागद पुरवणाऱ्याचं नाव आहे, चहावाल्याचं आहे, वाघसाहेबांच्या पत्नींचंही आहे. म्हणून मुद्रितं माझ्या हातात होती तेव्हा मी एक आगाऊपणा केला. शेवटच्या पानावर, जिथे चुकांची दुरुस्ती छापतात आणि जिथे कुणीच पाहत नाही, तिथे एक ओळ घातली: 'या पुस्तिकेतील अर्थ इयत्ता पाचवी, तुकडी ब, आणि त्यांच्या बाई यांनी सांगितले.' परवा बाईंच्या वर्गात पुस्तिका पोचल्या. बाई सांगत होत्या, मुलांनी पहिलं पान उघडलंच नाही. कुणीतरी मागून सुरुवात केली आणि वर्ग दहा मिनिटं आवरता आला नाही.

तर हा असा माझा हलगर्जीपणा. चारचौघांत अध्यक्ष या व्याख्या आपल्या म्हणून हार घेतात आणि तुम्हाला मात्र लिहितात की मूळ व्याख्या भाचीने घालवल्या. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे तुम्ही त्यांचे जुने मित्र म्हणून त्यांना विचारा. मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याचं नक्की कळवा.

तुमची भाची

ता. क. : आता खरं कामाचं. तुम्ही मागच्या महिन्यात दोन दिवस येऊन गेलात तेव्हा 'हिवाळ्याचे कपडे आहेत, इथे जागा नाही' म्हणून मी तुमच्याबरोबर एक पत्र्याची पेटी दिली, आणि ती स्टँडपर्यंत तुम्ही स्वतः उचलून नेलीत. तीत कपडे नाहीत. ऑफिसचा नियम आहे की प्रत्येक कार्डाची कार्बन प्रत काढून वेगळी ठेवावी. त्या इमारतीत तो नियम पाळणारी मी एकटी. दोनशेच्या दोनशे व्याख्या, कंसांसकट, त्या पेटीत आहेत. खण रिकामा निघाला त्या दिवशी मी हे सांगायला उठले होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, जबाबदारी कुणाची, आणि मी बसले. रागाने बसले, दुसरं काही नाही. मग डबक्यापाशी जाऊन आल्यावर राग गेला, पण सांगावंसंच वाटेना. हे बरोबर केलं की चूक, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही वाटतं, दिवसातून दोनदा.

ता. क. २ : अध्यक्ष आता 'मूळ व्याख्यांचा' स्वतंत्र ग्रंथ काढणार आहेत आणि त्यासाठी कुणाकडे प्रती आहेत का याचा तपास चालू आहे. ते तुमच्याकडेही येतील. तेव्हा हे पत्र मिळताच पेटी रद्दीत द्या, कागद गेले की रिकामी पेटी मामींना धान्याला होईल.

ता. क. ३ : देण्याआधी वाटलं तर एखादं कार्ड वाचून बघा. अर्थ लागला तर मला लगेच कळवा, मी त्याच दिवशी सगळं कबूल करून अध्यक्षांची माफी मागेन. नाही लागला तर उत्तराची घाई करू नका.